दारावरचं बाळ

३ मार्च, सोमवार

ही वही बदलून घ्यायला हवी. नवीकोरी म्हणून घेतली आणि पानं आत्ताच पिवळी. दुकानदाराला तोंडावर सांगितलं, तर त्याने आणखी चार वह्या काढून समोर टाकल्या. "बाई, सगळ्या अशाच आहेत. पांढऱ्याशुभ्र." पांढऱ्याशुभ्र म्हणे! गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ फेकायची हल्ली कुणाला लाजच उरलेली नाही.

प्रसूतिगृहाच्या दर्शनी भिंतीचं काम आज पुन्हा सुरू केलं. कडाक्याच्या थंडीत बंद ठेवावं लागतं, कारण दगडावर ओला लेप असताना पाणी गोठलं तर दगडाचे टवके उडतात. भिंत अख्खी संगमरवराची. दाराच्या वरून एक पट्टी गेली आहे आणि तिच्यावर झोपलेल्या बाळांची तोंडं ओळीने कोरली आहेत. मिटलेले डोळे, गुबगुबीत गाल, एकाचा अंगठा तोंडात. ज्याने कोरली त्याने पापण्यांची कडसुद्धा सोडलेली नाही. गावातली निम्मी माणसं या दारातून बाहेर आली, माझी लेकही इथलीच. गाड्यांच्या धुराने सगळी बाळं कोळशाच्या वखारीत झोपवल्यासारखी झाली आहेत. त्यांचं तोंड धुवायचं आणि मग आमच्या दगडसफाईच्या कारखान्याच्या किल्ल्या लेकीच्या हातात द्यायच्या, असं मी ठरवलंय.

थंडीच्या आधी कोपऱ्यात नमुन्याची चौकट करून ठेवली होती. हातभर जागा साफ करायची, सगळ्यांना दाखवायची, एवढंच उजळायचं असं ठरवायचं आणि मग बाकीची भिंत त्या चौकटीबरहुकूम. तेव्हा चौकट सुरेख होती, सायीच्या रंगाची. जुन्या संगमरवराचा रंग तोच. आज बघते तर पिवळीधम्मक.

लेकीला दाखवली. म्हणाली, "तशीच तर आहे, आई."

तशीच कुठे? एकतर धूर पुन्हा बसलाय, नाहीतर तिने तेव्हा लेप अर्धवट धुतला. माझ्या पोटच्या पोरीबद्दल असं लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं ते लिहिलं.

५ मार्च, बुधवार

लाँड्रीवाल्याशी कडाक्याचं भांडण. ह्यांचे पांढरे शर्ट त्याने हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखे करून पाठवले. तो काउंटरवर शर्ट पसरून शपथा घेतोय, रांगेतल्या बायका माझ्याकडे टकामका बघतायत आणि हे माझ्या शेजारी उभे राहून लाँड्रीवाल्यालाच म्हणतात, "जाऊ द्या हो. छान झालेत."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"मी शर्टाच्या बाजूचा," हे म्हणाले.

ह्यांना प्रत्येक गोष्टीची चेष्टा सुचते. परतताना रस्त्यावरचे दिवे लागले होते. त्यांच्याभोवती हल्ली कसली वलयं दिसतात कोण जाणे. दिवेही हलक्या दर्जाचे आणून लावलेत.

११ मार्च, मंगळवार

लेपाचं काम जोरात. कागदाचा लगदा, बारीक माती आणि आमचं क्षाराचं पाणी असं सगळं मळून दगडावर थापायचं, वर प्लास्टिक ओढायचं आणि वाट बघायची. लेप घाण शोषून घेतो. मग काढायचा, पाण्याचा बारीक फवारा मारायचा, मऊ ब्रशने धुवायचं. घाई करणाऱ्याचं हे काम नाही. ॲसिड मारून दिवसात भिंत पांढरी करून देणारे पुष्कळ पडलेत, त्यांनी गावातल्या निम्म्या पायऱ्या खाऊन टाकल्या आहेत.

अंगठा चोखणारं बाळ आज उघडं केलं. काळे पापुद्रे सगळे निघाले, पण खालचा पिवळेपणा तसाच. मी म्हटलं, अजून एक लेप. लेक म्हणाली, "कशाला? निघालंय सगळं. चौकटीशी लावून बघ ना."

"चौकटच पिवळी आहे!"

"आई, चौकट पिवळी नाहीये."

तिचा आवाज असा, की समोर लहान मूल आहे. मी तिला परांचीवर उभं राहायला शिकवलं, ब्रश कसा धरायचा ते शिकवलं, आणि ती मला पिवळं काय नि पांढरं काय ते सांगणार. मी डोळ्यांत तेल घालून काम करते. माझ्या हातून डाग सुटलाय असं आजवर कुणी म्हणू शकलं नाही.

पण अंगठेवाल्याला दुसरा लेप दिला नाही. तिने वाद घातला आणि मी ऐकलं. त्याचाच राग येतोय.

१७ मार्च, सोमवार

लिहायचं नव्हतं, तरी लिहिते.

आमच्या कामात एक शब्द आहे. माझ्या वडिलांनी घालून दिलेला. परांचीवर कधीही एकट्याने चढायचं नाही, आणि दोघांपैकी एकाने 'पुरे' म्हटलं की दुसऱ्याने ब्रश खाली ठेवायचा. का म्हणून विचारायचं नाही. जो काय वाद घालायचा तो खाली उतरून, जमिनीवर. घरात आम्ही हा शब्द जेवतानासुद्धा जपून वापरायचो. आई वाढत असायची आणि वडील पानावर हात आडवा धरून म्हणायचे, "बास." 'पुरे' म्हणायचे नाहीत.

गेले चार-पाच दिवस दारावरचं बाळ घेतलं होतं. बरोबर मधलं, सगळ्यांत आधी नजर जाते ते. दुसरा लेप काढला तरी पिवळं. तिसरा दिला आणि आज तो काढल्यावर कडक ब्रश घेतला. लेक शेजारी फवारा धरून होती. ती म्हणाली, "पुरे."

मी ऐकलं. ऐकलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल.

ती पुन्हा म्हणाली, "आई, पुरे." मग तिने हातमोजा काढला, बाळाच्या गालावरून बोट फिरवलं आणि ते माझ्या नाकासमोर धरलं. बोटावर बारीक कण होते. "बघ, दगड सुटतोय. साखर झालीये त्याची."

मी म्हटलं, "लेप आहे तो. वाळलेला लेप. तुला अजून लेप आणि दगड यांतला फरक कळत नाही?"

आणि मी ब्रश चालू ठेवला.

तिने फवारा फळीवर ठेवला, पट्टा सोडला आणि शिडीवरून उतरली. शांतपणे, एकेक पायरी. खाली हेल्मेट काढलं, गाडीच्या टपावर ठेवलं आणि चालत निघून गेली. मी वरून हाक मारली नाही. मी का मारायची?

१८ मार्च, मंगळवार

चिटणीस आले होते. म्हणजे प्रसूतिगृहाच्या मंडळाचे चिटणीस, पैसे आणणारे आणि भाषणं करणारे. दारासमोर उभे राहून त्यांनी वर पाहिलं आणि टाळीच वाजवली. "बाई! हे! हेच पाहिजे होतं. एवढे दिवस तुम्ही आम्हाला ते मळकट दाखवत होतात. आता सगळी अशीच करा. मेमध्ये उद्घाटन आहे, झगमगलं पाहिजे."

मला तर अजूनही त्यात पिवळी झाक दिसत होती, पण ते बोलले नाही. ज्याला कळतं त्याला कळतं.

रात्री जेवताना मी चिटणीसांचं म्हणणं मोठ्याने सांगितलं, लेकीला ऐकू जावं म्हणून. एका टेबलावर आम्ही दोघी समोरासमोर, मध्ये हे, आणि मीठ हवं असलं तरी ह्यांच्यामार्फत. लेक मान खाली घालून जेवत होती. फक्त एवढं म्हणाली, "बाबा, तिला सांगा, मी कामावर येणार नाही."

"अगं, ती इथेच बसलीये," हे म्हणाले.

"मग ऐकलं असेल तिने."

भारीच नाकावर राग हिच्या. कुणावर गेलीये देव जाणे.

२२ मार्च, शनिवार

एकटीच गेले. नियम मोडला, माहीत आहे. दोघी हव्यात म्हणून मी काय घरी हात चोळत बसू?

परांचीवरून उतरताना पायरी चुकली. पायरी होती तिथे मला सावली दिसली आणि सावली होती तिथे पायरी. पडले नाही, नडगी सोलवटली. हे खाली उभेच होते. कधीपासून, ते सांगेनात. म्हणाले, "चष्मा सैल झालाय तुझा, चल बदलून आणू." आणि चष्म्याच्या दुकानात न नेता थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन बसवलं. नवऱ्यानेच फसवल्यावर बोलायचं कुणाला?

डॉक्टर मुलगाच वाटतो. यंत्राच्या मागून म्हणतो, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. बराच पिकलाय. तुम्हाला दिसतंय कसं?"

"व्यवस्थित दिसतंय," मी म्हटलं.

"कामात रंगांशी संबंध येतो का तुमचा?"

"दगडाशी येतो."

हे खोकले. डॉक्टर ह्यांच्याकडे बघतो, हे त्याच्याकडे. माझ्या डोक्यावरून काहीतरी चाललं होतं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. ऑपरेशन करा म्हणे, आधी उजवा, मग महिन्याने डावा. यांचा धंदाच तो. मी नाहीच म्हणणार होते, पण हे घरी येऊन म्हणाले, "एकदा करून टाक. मग तू म्हणशील त्या लाँड्रीत जाऊ." चेष्टा करत होते, पण डोळे भरले होते ह्यांचे. म्हणून हो म्हटलं.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी पट्टी काढली.

पहिल्यांदा चादर दिसली. मी नर्सला म्हटलं, "ही निळी चादर कधी घातलीत?" ती म्हणाली, "पांढरीच आहे, आजी." आजी म्हणाली, तेही मी चालवून घेतलं, कारण तेवढ्यात मला ह्यांचा शर्ट दिसला. लाँड्रीतला. बगळ्यासारखा पांढरा. आणि ह्यांचे केस! पार पिकलेत. मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही कधी म्हातारे झालात हो?" ते म्हणाले, "तू बघत नव्हतीस तेव्हा."

मग मी उजवा डोळा झाकला आणि डाव्याने पाहिलं. शर्ट पिवळा. डावा झाकला. पांढरा. पुन्हा उजवा झाकला.

हे म्हणाले, "आता बास, थकवा येईल."

मी पुन्हा डावा झाकला. शर्ट पांढराच होता, आणि मला दारावरचं बाळ दिसत होतं.

४ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टरांनी वाकू नका, उचलू नका, चढू नका सांगितलंय. सकाळी हे आंघोळीला गेल्यावर मी निघाले आणि परांचीवर चढले.

चौकट पाहिली आधी. सुरेख आहे. सायीचा रंग, जशी ठेवली होती तश्शी. लेकीने लेप अर्धवट धुतलेला नव्हता.

अंगठेवालं बाळही सुरेख. एक लेप, आणि तिथेच थांबलेलं. गालावर दगडाची ती आतली तुकतुकी आहे, खालच्या ओठाला घडी आहे.

मग मधलं. मोजा न घालता हात लावला. गाल साखरेसारखा रवाळ, बोट फिरवलं तर सांडतो. पांढरा आहे, खडूसारखा, मेलेला पांढरा. नाकाचं टोक गेलं. आणि डोळे... पापण्यांची कडच राहिलेली नाही. दोन गुळगुळीत फुगवटे. झोपलेलंही वाटत नाही, जागंही वाटत नाही. कुणीतरी शंभरेक वर्षांपूर्वी श्वास रोखून ती कड कोरली असेल आणि मी ती ब्रशने पुसून टाकली. लेप आहे म्हणाले मी. वाळलेला लेप!

मला इतका संताप आला की मुठीने परांचीच्या नळ्या बडवल्या. प्रसूतिगृहाचा माळी धावत आला.

घरी आल्यावर लेकीच्या खोलीत गेले. ती काहीतरी घड्या घालत होती. मी म्हटलं, "अगं, मला दिसत नव्हतं."

तिने मान वर केली नाही. "मला दिसत होतं ना."

"मला काय माहीत, माझ्या डोळ्यांत..."

"आई!" ती ओरडली. माझ्यावर इतक्या मोठ्याने ती कधी ओरडली नव्हती. "तुला दिसत नव्हतं हे तुला कसं कळणार? कळणारच नाही. म्हणून तर दोघींनी चढायचं असतं! म्हणून तर तो शब्द आहे! आजोबांनी काय शोभेला ठेवलाय तो?"

मी दारात उभी. माफ कर म्हटलं, पण माझ्या आवाजात ते भांडल्यासारखं आलं. ती म्हणाली, "दुसरा डोळा होईपर्यंत तू चढायचं नाहीस." मला राग आला. हो म्हटलं.

१५ एप्रिल, मंगळवार

चिटणीसांना दारासमोर बोलावलं. प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाईही आल्या, उंच, करड्या, पांढऱ्या कोटात. लेक माझ्या बाजूला.

मी सांगितलं, मधलं बाळ मी बिघडवलं. माझे डोळे गेले होते, मुलीने थांबवलं, मी थांबले नाही. ते दुरुस्त होत नाही. जे सुटायला आलंय ते धरून ठेवायचं औषध देता येईल, गेलेलं परत येत नाही. बाकीची बाळं चौकटीबरहुकूम होतील, सायीच्या रंगाची.

चिटणीस हसले. "अहो बाई, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. इतकं छान दिसतंय! लोक विचारतात मला. उलट बाकीची तशी करा."

"तशी केली तर बाकीच्यांचेही डोळे जातील."

"कुणाला दिसतंय वर? तुमच्याकडून होत नसेल तर ॲसिडवाले तयार आहेत. त्यांचा माणूस येऊन गेलाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "चला वर. चढा. हात लावून बघा आणि मग मला सांगा छान आहे." ते शिडीकडे बघून म्हणाले, गुडघा दुखतो. मी म्हटलं, "भाषणाच्या स्टेजवर चढताना नाही दुखत?" लेकीने माझी बाही ओढली. मी बाही सोडवली.

मेट्रनबाई कोट काढून लेकीच्या हातात देऊन शिडी चढल्या. लेक त्यांच्या मागोमाग. वर त्यांनी आधी अंगठेवाल्याच्या तोंडावर तळवा ठेवला. मग मधल्याच्या. अंगठ्याने डोळ्यांच्या जागी हळूच चाचपलं, नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे डोळे पुसतात तसं. आणि हात एकदम मागे घेतला.

खाली येऊन त्या चिटणीसांना म्हणाल्या, "ॲसिडवाल्याला सांगा, माझ्या दाराला हात लावशील तर याद राख. आणि तुम्हीही."

चिटणीस म्हणाले, मंडळापुढे ठेवू. मेट्रनबाई म्हणाल्या, ठेवा, मी तिथे बसलेली असेन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्यांच्याकडून चांगला शब्द हवा होता असं नाही. पण त्यांनी पाहिलं नाही, ते लागलं.

२१ एप्रिल, सोमवार

मंडळाने मान्य केलं. एका मताच्या फरकाने, पण केलं.

लेक वर, जोडीला तिने एक मैत्रीण घेतलीये. मी खाली खुर्चीवर. लगदा मळते. वरून 'पुरे' ऐकू आलं की दोघींचे हात थांबतात, आणि माझेही. मग मला आठवतं की मी नुसता लगदा मळतेय. चिडचिड होते. लेकीला म्हटलं, तिसऱ्या बाळाच्या कानामागे काळं राहिलंय. ती वरून म्हणाली, "कुठल्या डोळ्याने बघतेयस?" मैत्रीण फिसकन हसली. उजव्यानेच बघत होते! काळं होतंच. तिने काढलं.

३० एप्रिल, बुधवार

परांची उतरली. सगळी बाळं मोकळी. सायीच्या रंगाची, झोपलेली, आणि मध्ये ते एक पांढरंफटक.

दुपारी मी आणि लेक हत्यारं भरत होतो तेवढ्यात दारातून एक कुटुंब बाहेर आलं. नुकती बाळंतीण, तिचा नवरा, आणि तिची सासू असावी, तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. फोटो काढायचा होता. नवरा अंगठेवाल्याखाली उभा राहिला, तर सासू म्हणाली, "तिथे नको रे, इकडे ये. हे बघ, सगळ्यांत गोरं हे. याच्याखाली काढू."

मी गप्प बसायला हवं होतं. लेकीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा. पण मी गेले आणि म्हटलं, "आजी, त्या बाळाला पापण्या नाहीत. मी घासून घालवल्या. दुसऱ्या कुठल्याही बाळाखाली काढा."

बाळंतिणीने घाईघाईने सासूच्या हातातल्या दुपट्यात डोकावून पाहिलं. सासू मात्र वर बघून हसली. "अहो, दिसतंय कुठे एवढं खालून? किती छान उजळलंय! तुम्हीच केलंत का? हात गुणी हो तुमचा." आणि फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच काढा एक. म्हणजे आम्ही सगळे येऊ. ते वरचं बाळ आलं पाहिजे हं."

मी काढला. डावा डोळा मिटून, उजव्याने नीट धरून. सगळे आले, वरचं बाळही. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि तिघंही खूश झाली.

त्यांनी माझे आभार मानले. मला त्या आभारांचा इतका राग आला की लेकीने घरी पोचेपर्यंत दोनदा विचारलं, काय झालं, आणि मी तिला सांगू शकले नाही.